दोन फूट सळई, पाच टन हत्ती

घर बांधायला काढलेल्या माणसाची दोनच बाबतींत ठाम मतं असतात : सिमेंट कुठलं आणि लोखंड कुठलं. एरवी विजेचं बिल कुठे ठेवलंय हे बायकोला विचारणारा गृहस्थ सिमेंटच्या दुकानात "५३ ग्रेडच पाहिजे" म्हणून काउंटरवर मूठ आपटतो. लोखंडाचं तर विचारूच नका. जालन्याहून सळईचे ट्रक ज्या ज्या रस्त्यांनी जातात, त्या रस्त्यांच्या कडेच्या भिंतींवर पहिलवान, सिंह, हत्ती आणि सिनेमातले नट सळईशी झटापट करताना रंगवलेले दिसतात. त्यांच्यापैकी कुणालाही ती वाकलेली नाही. खरं तर वाकायला हवी. वाकून तडकली नाही, तर सळई पास. प्रयोगशाळेत आम्ही ती वाकवूनच बघायचो. जी वाकतच नाही ती भूकंपात काय दिवे लावणार? पण हरलेला सिंह भिंतीवर रंगवून माल खपत नाही.

सिमेंट उत्तम, लोखंड उत्तम. पण लोखंड काँक्रीटच्या पोटात आतल्या आत सरकायला लागलं, तर दोघांच्या उत्तमपणाचा घरमालकाला काडीचा उपयोग नाही. सळईने काँक्रीटला आणि काँक्रीटने सळईला धरून ठेवलं पाहिजे. या धरण्याची जाहिरात कुठल्याही भिंतीवर नाही, कारण ते विकत मिळत नाही. ते साइटवर तयार होतं, आणि बहुधा मालक जिलेबी आणायला गेलेला असताना.

मी पॉलिटेक्निकमध्ये आरसीसी शिकवायचो. निवृत्तीनंतर मला नात्यागोत्यात बढती मिळाली आणि मी फुकटचा इंजिनिअर झालो. प्रत्येक घराण्यात असा एक असतो. त्याला प्लॅन दाखवत नाहीत, कारण प्लॅन मेहुण्याच्या ओळखीतल्या कुणीतरी काढलेला असतो. त्याला थेट स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी फोन येतो. "काका, उद्या स्लॅब आहे. एकदा नजर टाकून जा. जेवायलाच या." यातलं 'नजर टाकून जा' म्हणजे बघा, पण बोलू नका.

आणि बोलायचं तर खूप असतं. या विषयावर बोलताना लग्नाची उपमा न देणारा मास्तर मी तरी पाहिलेला नाही, आणि मीही त्यातलाच. सळईला ओढ बसते तेव्हा सुरुवातीला कामाला येतो तो सिमेंटचा चिकटपणा. तो फार नाजूक असतो. सळई केसभर सरकली की संपला. त्यानंतर दोघं एकमेकांना घासत तग धरतात, ते घर्षण. आणि तेही अपुरं पडू लागलं की सळईच्या अंगावरच्या आडव्यातिरप्या रिब्ज पुढच्या काँक्रीटला टेकतात आणि हलायचं नाव घेत नाहीत. खरी पकड ती. सुरुवातीचा गोडवा, नंतरची घासाघीस आणि शेवटी एकमेकांत रुतून बसणं, असं फळ्यावर लिहिलं की वर्ग हसायचा. स्टाफरूममध्ये हाच विनोद सांगितला, तर तिथे कुणी हसलं नाही. तिथले सगळे तिसऱ्या टप्प्यात होते.

गोतो नावाच्या जपानी संशोधकांनी १९७१ साली या रुतून बसण्याच्या आत डोकावून पाहिलं. काँक्रीटमधली सळई ओढत असताना त्यांनी आत शाई सोडली आणि नंतर तो ठोकळा कापला. प्रत्येक रिबपासून तिरप्या निघालेल्या बारीक बारीक भेगा शाईने रंगलेल्या दिसल्या. बाहेरच्या अंगाला त्यांचा मागमूसही नव्हता. (उपमा पुढे चालवायची असेल तर वाचकांनी आपापल्या जबाबदारीवर चालवावी.)

आता हत्ती. बारा एमएमची सळई घ्या, साइटवरच्या जुन्या माणसांच्या हिशेबाने चार सूत. एफई ५०० दर्जाची, एम २५ काँक्रीटमध्ये पुरलेली. आयएस ४५६ या आपल्या संहितेच्या गणिताने तिच्या जाडीच्या साधारण ४९ पट लांबी आत गेली, म्हणजे जेमतेम दोन फूट, की ती डिझाइनची पूर्ण ताकद भरेपर्यंत निसटत नाही. ही ताकद भरते सुमारे पाच टन. दांडग्या नर हत्तीचं वजन साधारण एवढंच. म्हणजे भिंतीवरच्या चित्रातला हत्ती खोटा नाही, फक्त त्याला सळईशेजारी उभा न करता सळईला टांगायला हवा होता. साइटवर हे गणित कुणी करत नाही. तिथे 'पन्नास डाया' हा मंत्र चालतो : जाडीच्या पन्नास पट लांबी ठेवा आणि पुढे चला. मंत्र चांगला आहे. फक्त तो म्हणणाऱ्या फिटरकडे टेप नसतो, आणि उरलेला तुकडा चाळीस डायाचा निघाला तर त्या दिवशी मंत्र चाळीसचा होतो.

सळईला रिब्ज असाव्यात हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत फारसं कुणाच्या डोक्यात नव्हतं. ज्याच्या नावावर हा सगळा खटाटोप नोंदला जातो तो जोसेफ मोनिए पॅरिसचा माळी. कुंड्या फुटतात म्हणून त्याने सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घातली आणि १८६७ साली पेटंट घेतलं. एवढ्या मोठ्या स्थापत्यशास्त्राची सुरुवात तुळशीवृंदावनाच्या आकाराच्या वस्तूपासून झाली, हे सिव्हिलवाल्यांना सांगितलं की ते थोडे खट्टू होतात. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत अर्नेस्ट रॅन्सम नावाच्या गृहस्थाने चौकोनी सळई थंडच पिळली. पिळलेल्या कडांना काँक्रीट अडून बसेल आणि सळई सरकणार नाही, हा हिशेब. १८८४ साली त्याचं पेटंट झालं. तिथल्या तंत्रज्ञांच्या मंडळीपुढे ही कल्पना मांडली तेव्हा सगळे हसले. चांगलं लोखंड पिळून वाया घालवतोय, हा त्यांचा अभिप्राय. रॅन्समने १८८९ साली गोल्डन गेट पार्कमध्ये असल्याच सळ्या घालून अल्व्हर्ड लेकचा छोटा पूल बांधला. १९०६ च्या भूकंपात निम्म्याहून जास्त शहर कोसळलं आणि जळलं, पण पूल उभा राहिला. आजही आहे. हसलेल्यांचं पुढे काय झालं याची नोंद नाही. हसणाऱ्यांची कधीच नसते.

ओढण्याचं शास्त्र मात्र डफ एब्रम्स या अमेरिकन माणसाने पक्कं केलं. इलिनॉय विद्यापीठात त्याने काँक्रीटमध्ये सळ्या पुरल्या आणि त्या उपटून काढल्या. पुन्हा पुरल्या, पुन्हा उपटल्या. १९१३ मध्ये त्याचा अहवाल निघाला. आजही आपल्याकडे आयएस २७७० नावाच्या पद्धतीने हेच करतात, फक्त आता उपटताना सळई मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढी सरकली तरी नोंद होते. सरकारी खात्यात इतकी बारीक नजर दुसऱ्या कुठल्या हालचालीवर असेल असं वाटत नाही.

रॅन्समचा पीळ आपल्याकडे 'टॉर' होऊन आला. सत्तर-ऐंशीच्या दशकात बांधलेल्या घराच्या सळईवरची स्क्रूसारखी फिरत गेलेली रेघ आठवत असेल तर तीच ती. नंतर टीएमटी आली. ती पिळत नाहीत. लाल असतानाच तिच्यावर पाण्याचे जोरदार फवारे मारून वरचं कवच कडक करतात आणि गाभा मऊ ठेवतात. पिळलेल्या सळईला गंज लवकर चढतो या तक्रारीने टॉर बाजारातून गेला. शब्द मात्र गेला नाही. अजूनही तालुक्याच्या दुकानात "टॉर दाखवा" म्हटलं की दुकानदार निमूटपणे टीएमटी दाखवतो, आणि दोघांचंही समाधान होतं.

एक गोष्ट मात्र माणसाच्या हुशारीने झालेली नाही, निव्वळ नशिबाने मिळाली आहे. तापल्यावर लोखंड आणि काँक्रीट जवळजवळ सारखंच फुगतं. थॅडियस हायट या अमेरिकन गृहस्थाने १८७७ मध्ये आपल्या प्रयोगांचं पुस्तक काढलं, त्यात हे दाखवलं. आता चंद्रपूरचा मे महिना घ्या. रात्रीपेक्षा दुपारी दहा मीटरची तुळई ३० अंशांनी जास्त तापली, तर आतली सळई सुमारे ३.६ मिलिमीटर वाढेल आणि काँक्रीट ३. एवढं चालतं. लोखंडाऐवजी ॲल्युमिनियम असतं तर ते सात मिलिमीटरच्या आसपास वाढलं असतं, आणि चंद्रपूरकरांना रोज दुपारी घराच्या कटकटी शब्दशः ऐकू आल्या असत्या. निसर्गाने एवढं जुळवून दिल्यावर बाकीचं माणसांनी सांभाळायचं होतं. माणसं म्हणजे आम्ही. तेव्हा चला स्लॅबवर.

सकाळी मिक्सरची पूजा होते. नारळ फुटतो, हळदकुंकू वाहिलं जातं, मालकाच्या हातून पहिलं घमेलं पडतं आणि त्याचा फोटो निघतो. मी तोपर्यंत शिडीने वर चढून वाकून बघायला लागलेला असतो.

"मुकादम, कव्हर ब्लॉक कुठायत?"

"टाकलेत की साहेब. खाली गेले असतील."

खाली सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा असतात. त्यांच्या खाली जायला ब्लॉकला स्क्रू उघडावे लागले असते.

"अहो, सळई प्लेटेला टेकलीय."

"काँक्रीट पडलं की उचलते साहेब आपोआप."

लोखंड काँक्रीटपेक्षा तिपटीहून जड. ते आपोआप वर तरंगून येतं, हा शोध लावणाऱ्या मुकादमाला आर्किमिडीजने बादलीतून उठून नमस्कार केला असता. शेवटी कुठून तरी फरशीचे तुकडे आणि खडी सळईखाली सरकवली जाते, आणि "झालं समाधान?" अशा नजरेने सगळे माझ्याकडे बघतात.

कव्हर ब्लॉक हा सिमेंटवाळूचा बोटभर ठोकळा. संपूर्ण बांधकामात याच्याइतकी स्वस्त आणि याच्याइतकी हेळसांड होणारी वस्तू दुसरी नाही. लोकांना वाटतं तो गंजाकरिता असतो. गंजाकरिता असतोच, साध्या हवामानात २० मिलिमीटर आणि समुद्राच्या वाऱ्यावर उघड्या पडलेल्या काँक्रीटला ४५ मिलिमीटर आवरण हवं, असं संहिता सांगते. पण त्याचं दुसरं काम पकडीचं आहे. रिब काँक्रीटला टेकते तेव्हा ती नुसती पुढे ढकलत नाही, बाहेरच्या बाजूलाही रेटते. भोवती पुरेसं काँक्रीट असेल तर ते रेटा सोसतं. खाली जेमतेम पाच मिलिमीटरचा पापुद्रा असेल तर तो सळईच्या रेघेवर उभा चिरतो. मग पाच टनांचा हत्ती कशाला धरून लोंबकळणार? सळई कुठल्याही कंपनीची असो, तिच्या भिंतीवर कुठलाही नट असो, चिरलेल्या काँक्रीटमध्ये ती नुसती पडून राहते.

मालकाचा उत्साह हा वेगळाच धोका. आमच्या एका नातेवाइकांनी सळया पावसात भिजून तांबूस झालेल्या पाहिल्या आणि त्यांची झोप उडाली. दोन मजूर लावून त्यांनी सगळ्या सळयांना लाल ऑक्साइडचा रंग दिला आणि मोठ्या अभिमानाने मला दाखवायला नेलं. अंगणात सळया लग्नघरातल्या रेलिंगसारख्या चमकत होत्या. आता सांगायचं कसं? सळईवरचा पातळ, घट्ट बसलेला तांबूसपणा पकडीला अपाय करत नाही. पोपडे सुटणारा गंज ब्रशने काढावा लागतो. पण संहितेत गंजाच्या पोपड्यांबरोबरच ज्यांची नावं घेऊन मनाई केली आहे ती तेल, चिखल आणि रंग. म्हणजे जो गंज चालला असता तो त्यांनी पैसे देऊन झाकला, आणि झाकला तोच नेमका नको असलेल्या गोष्टीने. "मग काय करायचं?" त्यांनी विचारलं. "खरवडून काढा." तेव्हापासून त्यांच्या घरची आमंत्रणं कमी झाली आहेत.

तेलाचं असं की सेंट्रिंगच्या प्लेटांना काँक्रीट चिकटू नये म्हणून ऑइल लावतात. गॅरेजमधून आणलेलं जळकं ऑइल, काळंकुट्ट. क्रम सोपा आहे : आधी प्लेटेला ऑइल, मग सळई. पण सळया बांधून झाल्यावर कुणाला तरी ऑइलची आठवण होते, आणि एक पोऱ्या डबा-ब्रश घेऊन जाळीतून हात घालत प्लेटा रंगवत सुटतो. ब्रश प्लेटेला जेवढा लागतो तेवढाच सळईला लागतो. काँक्रीट चिकटू नये म्हणून लावलेलं तेल, जिथे काँक्रीट चिकटलंच पाहिजे तिथे.

काँक्रीट पडायला लागलं की पाण्याचा विषय निघतो. ते घट्ट आहे, पसरत नाही, फावडं ओढून हात दुखतात. "जरा पाणी मार रे!" अशी हाक खालपर्यंत जाते आणि मिक्सरवाला बादलीच्या बाबतीत अतिशय उदार असतो. जास्तीचं पाणी तिथेच राहत नाही. काँक्रीट बसत जातं तसं ते वर चढतं आणि वाटेत आडव्या सळयांच्या पोटाखाली अडकतं. पाणी सुकलं की तिथे पोकळी. म्हणून खोल तुळईतल्या वरच्या सळयांची पकड खालच्यांपेक्षा कमजोर धरतात. ओलं काँक्रीट खाली ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर अमेरिकन संहिता त्यांना ३० टक्के जास्त लांबी मागते. आपल्याकडची बादली कुठल्याच संहितेत बसत नाही.

गॅलरीची गोष्ट तर रडायची की हसायची तेच कळत नाही. बाहेर आलेल्या गॅलरीत ओढ वरच्या अंगाला असते, म्हणून सळया वर हव्यात. त्या वर राहाव्यात म्हणून खाली वाकवलेल्या लोखंडाच्या 'खुर्च्या' ठेवतात. आता स्लॅबच्या दिवशी घमेली घेऊन जाणारे पंधरावीस जण त्याच सळयांवरून ये-जा करतात, फोटो काढायला आलेले पाहुणे तिथेच उभे राहतात, आणि मालकाचे वडीलही "मला बघू द्या" म्हणत चढतात. खुर्च्या मोडतात, सळया खाली दबतात. वरून काँक्रीट पडलं की सगळं झाकलं जातं. लोखंड तेवढंच, सिमेंट तेवढंच, बिल तेवढंच. फक्त सळई ओढीच्या जागेवरून उठून आरामाच्या जागी जाऊन बसलेली. सेंट्रिंग काढल्यावर किंवा पुढे कधीतरी गॅलरी वाकते, आणि दोष सिमेंटच्या कंपनीला मिळतो.

आणि शेवटी त्या गच्चीवरच्या सळया. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी संध्याकाळी गच्चीवर उभे राहा, चहूकडे कॉलमांतून वर आलेल्या सळयांची झुडपं दिसतील. वरचा मजला थोरल्याच्या लग्नात होणार होता. थोरला पुण्याला गेला, त्याचं लग्न कार्यालयात झालं, त्याची मुलगी आता दहावीला आहे. सळया उभ्याच. त्यांना कपडे वाळत घालायची दोरी असते, पाडव्याला गुढी असते, दिवाळीत आकाशकंदील असतो, आणि एरवी टोकांवर उलट्या घातलेल्या बाटल्या. सोळा एमएमच्या सळईला पन्नास डाया म्हणजे ८०० मिलिमीटर, अडीच फुटांहून थोडी जास्त. या मापाने बरेच जण इमानदारीने सोडतात. भूकंपाच्या नियमांप्रमाणे कॉलममधला जोड मजल्याच्या मधल्या भागात घ्यायचा असतो आणि सगळ्या सळया एकाच पातळीवर जोडायच्या नसतात. पण तेवढं उंच कोण सोडतो, आणि कपडे वाळत घालायला हात पुरला पाहिजे.

यातल्या बहुतेक सळया पुढचा मजला धरण्याच्या कामाच्या उरत नाहीत. पावसाचं पाणी स्लॅबच्या पातळीवर, सळईच्या बुडाशी साठतं, आणि ती सर्वात जास्त खाल्ली जाते ती तिथेच. वर टोक जाड, बुडाशी बारीक. मजला बांधायची वेळ आली की शहाणा इंजिनिअर ती कापून टाकतो आणि कॉलममध्ये भोकं पाडून रसायनाने नवी सळई बसवतो. वीस वर्षं राखलेल्या लोखंडाचं भंगार होतं आणि मालक म्हणतो, "त्या वेळी लोखंडच हलकं दिलं बघा दुकानदारानं."

तुमच्या गच्चीवर अशा सळया असतील तर या पावसाळ्याआधी पोपडे ब्रशने काढा, सिमेंटच्या पातळ लगद्याचा लेप द्या आणि वरून हलक्या काँक्रीटचा ठोकळा करून झाकून टाका. मजला चढवायच्या वेळी तो हातोड्याने फुटतो. ऑइलपेंट लावू नका. कपड्यांच्या दोरीसाठी पाइप वेगळा रोवा.